मागच्या बाजूची नावं

सुनेत्रा खेडीकर फोन उचलायची नाही, हे आमच्या सबडिव्हिजनमध्ये, म्हणजे घरांच्या वसाहतीत, सगळ्यांना माहीत होतं. तिच्याशी बोलायचं असेल तर जाऊन दार वाजवायचं, आणि वाजवताना बाहेरून ‘सुनेत्रा, मी नंदा गं’ असं ओरडायचं. नाहीतर आतला टीव्हीचा आवाज एकदम बंद व्हायचा आणि घर रिकामं असल्यासारखं गप्प व्हायचं.

ती मुळात अशी नव्हती. नागपूरला एका कॉलेजच्या ग्रंथालयात तिनं नऊ वर्षं नोकरी केली होती. परीक्षेच्या दिवसांत पुस्तकं भलत्याच कपाटात दडवून ठेवणाऱ्या पोरांना ती नाव घेऊन उठवायची. २००२ साली तिचा नवरा संजीव कंपनीकडून अमेरिकेत अटलांटाजवळ आला. तो वर्क व्हिसावर, सुनेत्रा आणि पाच वर्षांची केया डिपेंडंट. त्या व्हिसावर तिला नोकरी करता येत नव्हती.

आल्यानंतर तिसऱ्याच महिन्यात एका ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये एक पिकअप ट्रक तिच्या शेजारी येऊन थांबला. न्यूयॉर्कचे टॉवर पडून वर्षही झालं नव्हतं. आतल्या माणसानं काच खाली केली आणि तिच्या ओढणीकडे बोट दाखवून तो ओरडायला लागला. तिला त्यातलं फक्त ‘घरी जा’ एवढंच कळलं. ती केयाचा हात धरून चालायला लागली, तर ट्रक तिच्या पावलांच्या वेगानं मागे येत राहिला, थेट दुकानाच्या दारापर्यंत. बाकी काही झालं नाही. पण तेव्हापासून तिनं ओढणी सोडली, फोन सोडला, आणि रस्त्यात पोलिसांची गाडी दिसली तरी तिचे तळवे ओले व्हायला लागले.

अल्फारेटाच्या उत्तरेला पंचवीस मिनिटांवरच्या एका गावात आम्ही राहत होतो. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. यातली माणसं अजून तिथं राहतात.

केयाच्या स्टोरी टाइमसाठी सुनेत्रा गावच्या पब्लिक लायब्ररीत जाऊ लागली. मुलं गोष्ट ऐकत असताना आया बाहेर कॉफी पीत. ही कपाटासमोर उभी राहून चुकीच्या जागी लागलेली पुस्तकं योग्य जागी लावायची. हात स्वस्थ बसत नव्हते, एवढंच. एक दिवस मागून आवाज आला.

“कुठं शिकलीस हे?”

मिस व्हर्डेल टॉलिव्हर. संदर्भ विभागाच्या ग्रंथपाल. साठी ओलांडलेल्या, उंच, चष्म्याला मण्यांची साखळी. त्या लायब्ररीत काम करणाऱ्या त्या एकट्या कृष्णवर्णीय बाई होत्या. सुनेत्रा घाबरून “सॉरी, सॉरी” म्हणाली. मिस व्हर्डेलनी तिला खुर्ची दिली, नागपूरच्या ग्रंथालयाबद्दल तासभर विचारलं आणि दुसऱ्या दिवसापासून व्हॉलंटियर म्हणून यायला सांगितलं. व्हॉलंटियरला व्हिसाची अडचण नव्हती. संजीवनं वकिलाला दोनदा विचारून खात्री करून घेतली, मगच ती गेली.

तिथं तिला ओळखणारं आणखी एक माणूस होतं. मिस्टर प्रुइट. ऐंशीच्या घरातले गोरे आजोबा, विधुर. दर मंगळवारी दहाच्या ठोक्याला यायचे आणि मोठ्या टाइपातल्या काउबॉयच्या कादंबऱ्या न्यायचे. त्यांना दमा होता. दोन शब्दांच्या मध्ये छातीतून बारीक शिट्टी वाजायची. वरच्या फळीवरची पुस्तकं सुनेत्रा काढून द्यायची. ‘सुनेत्रा’ त्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून ते तिला ‘सनी’ म्हणायचे. उन्हाळ्यात बागेतले टोमॅटो कागदी पिशवीतून आणायचे. “या गावात मला आपणहून हाक मारणारा हा एकच गोरा माणूस,” असं तिनं मला एकदा सांगितलं होतं.

२००५ च्या फेब्रुवारीत, म्हणजे ब्लॅक हिस्ट्री मंथमध्ये, कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या महिन्यात, मिस व्हर्डेलनी एक कार्यक्रम ठरवला. दरवर्षी लायब्ररीत त्या महिन्यात थोर लोकांची पोस्टरं लागायची आणि मार्चमध्ये उतरायची. यंदा त्यांना थोर लोक नको होते. आसपासच्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी घरातले जुने फोटो आणावेत, लायब्ररीनं ते स्कॅन करून मूळ फोटो परत द्यावेत, भिंतीवर प्रदर्शन लावावं, आणि एका गुरुवारी संध्याकाळी त्या कुटुंबांनीच येऊन त्यांची गोष्ट सांगावी.

फोटो आले. न्हाव्याचं दुकान, चर्चची गायक मंडळी, एका सुईणीची पाठमोरी आकृती, एकाच खोलीची शाळा आणि मध्ये शेगडी. एकूण त्रेसष्ट. नोंदी करायचं काम सुनेत्राकडे आलं. प्रत्येकाला क्रमांक, कोणी दिला, फोटोत कोण, मागे काय लिहिलंय. दोन वर्षांत मी तिला इतकी खूश पाहिली नव्हती. घरी आलं की ती त्या अनोळखी लोकांबद्दल शेजाऱ्यांसारखं बोलायची.

एकेचाळीस नंबरचा फोटो शेजारच्या राज्यातल्या चॅटनूगाहून आला होता. मिसेस आयरीन गेदर्स नावाच्या बाईंनी पाठवलेला. लाकडी घर, व्हरांड्यात आईवडील, पायरीवर तीन मुली. सर्वांत धाकटी म्हणजे मिसेस गेदर्स यांची आई. फोटोच्या मागे पेन्सिलनं घरातल्या पाचजणांची नावं होती. त्याखाली रेघ, आणि रेघेखाली लिहिलं होतं: ‘त्या ऑक्टोबरात खिडक्यांवर गोळ्या झाडून आम्हाला जायला सांगायला आले ते.’ पुढे चार पुरुषांची नावं. १९१२ साली गोऱ्या टोळ्यांनी या भागातल्या कितीतरी कृष्णवर्णीय कुटुंबांना असं हाकलून लावलं होतं.

सुनेत्रानं मिस व्हर्डेलना विचारलं, “मागचं सगळं कार्डावर लिहू?”

“तुमच्या नागपूरला काय करतात?”

“मागे असेल ते सगळं लिहितात. आपण ठरवायचं नसतं.”

मिस व्हर्डेलनी फोटो उलटा करून तिच्यापुढं सरकवला. मग म्हणाल्या, “लिही.”

प्रदर्शन सोमवारी लागलं. त्याच आठवड्यात गुरुवारी सकाळी मिस व्हर्डेल मागच्या गोदामात होत्या, काउंटरवर दुसरं कोणी नव्हतं, आणि फोन वाजला. वाजतच राहिला. वाचत बसलेला एक माणूस वैतागून सुनेत्राकडे पाहायला लागला, तेव्हा तिनं उचलला.

“तो एकेचाळीस नंबरचा फोटो काढा,” पलीकडचा माणूस म्हणाला. सावकाश, शांतपणे. “मागची नावं काढा. नाही काढलीत तर पुढच्या गुरुवारी तिथं जमतील त्यातलं कोणी घरी जाणार नाही. कळलं का, मॅम?”

शब्दांच्या मध्ये छातीतून बारीक शिट्टी वाजत होती.

रिसीव्हर ठेवताना तो तिच्या हातातून दोनदा सुटला. ती कोणाला काही न बोलता कोट घेऊन बाहेर पडली आणि गाडीत बसून राहिली. किल्ली लावता येईना. शेवटी ती माझ्याकडे आली ती चालत, दोन मैल, थंडीत. माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून तिनं मला सगळं सांगितलं.

“तुला खात्री आहे? तेच?” मी विचारलं.

“मला त्यांचा श्वास ओळखू येतो, नंदा.”

मी काय सांगितलं ते लिहायची मला लाज वाटते, पण लिहायला हवं. मी म्हणाले, “तू यात पडू नकोस. पुढच्या आठवड्यात सरळ आजारी पड.” संजीवही तेच म्हणाला. त्यांच्या ग्रीन कार्डची फाइल तेव्हा लेबर डिपार्टमेंटमध्ये अडकली होती. “पोलिसांच्या कागदावर आपलं नाव नको, सुनेत्रा. उद्या कोणी विचारलं तर काय सांगायचं? आपण इथं पाहुणे आहोत यार.” केया जिन्यात बसून ऐकत होती. तिनं विचारलं, “मॉम, आर वी इन ट्रबल?” सुनेत्रानं तिला जवळ घेतलं.

तिनं अर्धं केलं. शुक्रवारी सकाळी जाऊन मिस व्हर्डेलना फोनचं सांगितलं. आवाजाचं नाही.

मिस व्हर्डेल ऐकता ऐकता खाली बसल्या. “दार लाव,” म्हणाल्या, आणि कडी लागली का ते दोनदा वळून पाहिलं. सुनेत्राला वाटलं होतं, या बाई चिडतील, ताठ उभ्या राहतील. पण त्या घाबरल्या होत्या.

“मी पंधरा वर्षांची होते,” मिस व्हर्डेल म्हणाल्या, “तेव्हा वडील मला या लायब्ररीच्या दारापर्यंत घेऊन आले होते. आत नाही, दारापर्यंत. आम्हाला आत यायची परवानगी नव्हती. शाळेच्या निबंधासाठी एक पुस्तक हवं होतं. ग्रंथपालबाई आतून काचेला टेकून उभ्या राहिल्या आणि मान हलवली. वडील एवढे दणकट होते, पण माझा हात इतका घट्ट धरून परत फिरले की माझी बोटं दुखली. मला तेव्हा कळलं नाही की ते घाबरलेत.” मग त्यांनी फोन ओढला. “पोलिसांना बोलावते. कार्यक्रम होणार.”

पोलीस आला. तरुण, गोरा, केस बारीक कापलेले. त्यानं सुनेत्राचं नाव अक्षर न् अक्षर विचारून लिहिलं, पत्ता लिहिला, आणि विचारलं, “आवाज ओळखीचा वाटला का?”

“नो,” सुनेत्रा म्हणाली.

तो ‘नो’ तिनं उच्चारला आणि एका भीतीच्या दोन झाल्या. आता तिला प्रुइटचीही भीती होती आणि पोलिसांशी खोटं बोलल्याचीही. शनिवार-रविवार ती जेवली नाही. अंगणात गाडी वळली की खिडकीतून बाजूला व्हायची. ‘डिपोर्ट’ हा शब्द तिनं त्या दोन दिवसांत माझ्यासमोर इतक्या वेळा उच्चारला की शेवटी मीच घाबरले.

मंगळवार आला. मी तिला म्हटलं, जाऊ नकोस. ती म्हणाली, “मी गेले नाही तर काउंटरवर मिस व्हर्डेल असतील. दहा वाजता.”

दहाला दार उघडलं आणि मिस्टर प्रुइट आत आले. नेहमीचंच जाकीट, हातात परत करायची दोन पुस्तकं. पुस्तकं काउंटरवर ठेवली, “मॉर्निंग, सनी” म्हणाले, आणि नेहमीच्या कपाटाकडे जायचं सोडून प्रदर्शनाच्या भिंतीकडे गेले. फोटो तिथंच होता. सुनेत्रा सांगते, तिला त्या वेळी त्यांच्या जाकिटाच्या खिशाशिवाय काही दिसत नव्हतं. खिसा जड आहे का, हात आत आहे का, एवढंच ती बघत होती.

“सनी,” त्यांनी पाठमोरंच विचारलं, “हे कार्ड कोणी लिहिलं?”

तिनं काउंटरची कड धरली.

“मी.”

ते वळले. “तिसरं नाव माझ्या आईच्या वडिलांचं आहे. मला मासे पकडायला त्यांनी शिकवलं.” शिट्टी वाजली. “माझी चार नातवंडं या गावच्या शाळेत जातात.”

“फोन तुम्ही केलात,” सुनेत्रा म्हणाली. तिचं इंग्रजी अशा वेळी पार मोडायचं. “तुम्ही. गुरुवार.”

त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग राखेसारखा.

“तू उचलशील असं मला वाटलं नव्हतं,” ते म्हणाले. “मी माशीसुद्धा मारत नाही, तुला ठाऊक आहे. मला फक्त ते कार्ड भिंतीवरून उतरलेलं हवं होतं.”

“मी नसते तर मिस व्हर्डेलनी उचलला असता.”

ते पुस्तकं न घेताच निघून गेले. दार बंद झाल्यावर सुनेत्रा काउंटरमागे जमिनीवर बसली. उठली ती थेट मिस व्हर्डेलच्या खोलीत गेली आणि म्हणाली, “मी पोलिसांशी खोटं बोलले.”

तोच तरुण पोलीस पुन्हा आला. त्यानं जुना कागद काढून समोर ठेवला. “मॅम, तुम्ही ‘नो’ म्हणाला होतात.”

“मी घाबरले होते. आमचा व्हिसा…” तिला पुढं बोलता येईना.

त्यानं खिशात हात घातला. सुनेत्राला वाटलं, आता हा हातकड्या काढणार. त्यानं पेन काढून ‘नो’वर एक रेघ मारली, बाजूला नवीन ओळ लिहिली आणि तिथं तिची सही घेतली. व्हिसाबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्या संध्याकाळी पोलीस प्रुइटच्या घरी गेले. प्रुइटनी नाकारलं नाही. खटला झाला नाही. लायब्ररीत वर्षभर पाऊल ठेवायचं नाही अशी लेखी ताकीद मिळाली. पण त्यांना मुलगे होते, जावई होते, त्यांच्याकडे बंदुका होत्या, आणि त्यातल्या कोणाच्या मनात काय आहे हे कोणीच सांगू शकत नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी मी गेले. आजवरच्या माझ्या सल्ल्यांनंतर घरी बसवेना. संजीवसुद्धा आला, ऑफिसच्या कपड्यांत, केयाला घेऊन. तिला आणायला नको होतं असं मला वाटत होतं, पण केया म्हणाली होती, “इफ मॉम गोज, आय गो.” दाराबाहेर पोलिसांची गाडी उभी होती. आयुष्यात पहिल्यांदा सुनेत्राला ती बघून बरं वाटलं, असं ती म्हणाली, आणि लगेच, “पण एकच आहे.”

सत्तर-ऐंशी माणसं जमली होती. म्हाताऱ्या बायका टोप्या घालून, सुनांच्या हाताला धरून. टेबलावर रताळ्याची गोड पाई, तळलेली कोंबडी, कोणाच्या तरी घरची कोबीची भाजी. बोलणी चालली होती, पण सगळ्यांचे डोळे अधूनमधून दाराकडे जायचे. फोनची बातमी सगळ्यांना कळली होती. कळूनही ते आले होते.

न्हाव्याचा मुलगा बोलला. सुईणीच्या नातीनं आजीच्या हातून जन्मलेल्या लोकांना उभं राहायला सांगितलं, तर नऊजण उभे राहिले. मध्येच मागच्या बाजूला धाडकन आवाज झाला.

घडीची लोखंडी खुर्ची पडली होती. पण ते कळायच्या आधी अख्खी खोली वाकली होती. म्हातारी माणसं खुर्च्यांच्या मध्ये, टोप्या हातांनी धरून. मी टेबलाखाली होते. केव्हा गेले मला माहीत नाही. वर पाहिलं तर सुनेत्रा केयावर पूर्ण ओणवी झाली होती. कोणी हसलं नाही. कोणी माफी मागितली नाही. हळूहळू सगळे उठले, एकमेकांना हात देत. एका आजोबांना धाप लागली होती, त्यांना पाणी दिलं. मिस व्हर्डेल माइकसमोर जागच्या हलल्या नव्हत्या, पण त्यांचा कागद सळसळत होता, तो माइकमधून सगळ्यांना ऐकू येत होता.

“मिसेस गेदर्स,” त्या म्हणाल्या, “तुमची पाळी.”

मिसेस आयरीन गेदर्स शहात्तर वर्षांच्या होत्या. चॅटनूगाहून पुतण्यानं गाडीतून आणलं होतं. त्यांनी सांगितलं, घर सोडून पळावं लागलं तेव्हा त्यांची आई चार वर्षांची होती. तिला फक्त एवढंच आठवायचं की वडिलांनी तिला घोंगडीत गुंडाळून झाडीतून नेलं आणि शिंक आली तर दाबून धर म्हणाले. पुढं मरेपर्यंत ती शिंकताना तोंडावर दोन्ही हात धरायची. मग मिसेस गेदर्सनी कार्ड हातात घेतलं. आधी घरातली पाच नावं वाचली. नंतर खालची चार. आवाज चढवला नाही. वाचून झाल्यावर विचारलं, “हे कोणी लिहिलं? अक्षर छान आहे.”

सुनेत्राला मिस व्हर्डेलनी पुढं ढकललं. ती दोन पावलं गेली आणि थांबली. मिसेस गेदर्सनी तिचा हात धरला आणि म्हणाल्या, “तुझा हात बर्फासारखा आहे, पोरी.” आणि कार्यक्रम संपेपर्यंत तो सोडला नाही.

त्या दिवशी सगळे घरी पोचले. मिस व्हर्डेलनी प्रत्येक कुटुंबाला पोचल्यावर फोन करायला सांगितलं होतं, आणि ते फोन संजीव, मी आणि सुनेत्रा लायब्ररीत थांबून घेत होतो. सुनेत्रा नाव विचारायची, यादीत खूण करायची.

ती धीट झाली, असं मी म्हणणार नाही. पुढं कितीतरी दिवस ती गाडीत बसायच्या आधी मागची सीट बघायची. मिस्टर प्रुइट एकदा तिला औषधाच्या दुकानात दिसले. त्यांनी टोपीला हात लावला. ती तशीच गाडीत जाऊन बसली आणि चारी दारं लॉक केली. “टोमॅटो आठवतात गं,” ती मला म्हणाली, “आणि मग तो आवाज आठवतो. दोन्ही एकाच माणसाचे, याचीच जास्त भीती वाटते.” पुढच्या वर्षी ते वारल्याचं पेपरात आलं. ती बातमी तिनं दोनदा वाचली आणि पेपर घडी करून ठेवला.

२००७ च्या उन्हाळ्यात ग्रीन कार्डचे अर्ज एकदम खुले झाले. आमच्यापैकी सगळेच कागद घेऊन धावले. बोटांचे ठसे द्यायला जाताना सुनेत्रा मला हात धरून म्हणाली, “तो पोलिसांचा कागद निघाला तर?” ठसे घेणाऱ्या बाईनं फक्त “अंगठा सैल सोडा” म्हटलं. चार महिन्यांत वर्क परमिट आलं, आणि लायब्ररीनं तिला नोकरीत घेतलं. मिस व्हर्डेल त्या डिसेंबरात निवृत्त झाल्या.

२००८ चा फेब्रुवारीचा कार्यक्रम हा सुनेत्रानं स्वतः चालवलेला पहिला. फोटो दोनशेच्या वर गेले होते. त्या संध्याकाळी साडेसहाला मी तिला शोधत मागे गेले, तर बाथरूममध्ये तिला उलटी होत होती. मी पाठीवर हात ठेवला. तिनं चूळ भरली, पदर नीट केला. त्या दिवशी ती साडी नेसली होती.

“बाहेर किती लोक आहेत?” तिनं विचारलं.

“दार उघडायची वाट बघताहेत. पार्किंगपर्यंत रांग आहे.”

“पोलीस?”

“यंदा नाही आले.”

तिनं एकदा डोळे मिटले, मग किल्ली घेतली आणि जाऊन दार उघडलं.